पार्श्वभूमी : जाहीरनाम्याच्या आधी निघालेली माणसे

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामात त्या लोकांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल जोतीरावांना मनापासून आदर होता आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. ही अर्पणपत्रिका वाचताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. अमेरिकेच्या ज्या यादवी युद्धातून ती मुक्ती आली, ते सुरू झाले तेव्हा गुलामांना सोडवणे हा उत्तर आणि दक्षिण या दोन्हींपैकी एकाही सरकारचा हेतू नव्हता. तो हेतू युद्ध निम्मे लढून होत आल्यावर आला आणि तो आणायला सर्वात आधी भाग पाडले ते खुद्द गुलामांनी.

१८६० च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आल्यानंतर दक्षिणेतली अकरा राज्ये टप्प्याटप्प्याने फुटून निघाली. पण गुलामगिरी असलेली केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही राज्ये उत्तरेच्या बाजूला राहिली. ती हातची गेली असती तर राजधानी वॉशिंग्टन शत्रूच्या वेढ्यात सापडली असती. म्हणून लिंकन सुरुवातीला एकच सांगत राहिले : हे युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे.

२३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून निघाले आणि उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो या किल्ल्यात आले. दक्षिणेचे सैन्य त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला जुंपत होते. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन हजर झाला. पळून गेलेला गुलाम मालकाला परत द्यावा, असा देशाचा कायदाच होता. किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील होते. त्यांनी उत्तर दिले की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि तुम्ही गुलामांना मालमत्ता मानता, ती मालमत्ता आमच्याविरुद्ध लढाईत वापरता, तर ती युद्धात जप्त करण्याजोगा माल ठरते.

माणसाला ‘माल’ म्हणूनच आसरा मिळाला, हे वाचताना मन खट्टू होते. पण ही बातमी आसपासच्या शेतमळ्यांवर वाऱ्यासारखी पसरली आणि जुलै संपेपर्यंत त्या किल्ल्यात सुमारे नऊशे जण गोळा झाले. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसे होती, कडेवरची मुले होती. या वस्त्यांमधले हाल फार होते, रोगराईने असंख्य माणसे दगावली. तरीही लोक येतच राहिले. त्यांच्यामागून कायदे आले : ऑगस्ट १८६१ चा जप्तीचा कायदा, मार्च १८६२ मध्ये पळून आलेल्यांना परत पाठवण्यास लष्करी अधिकाऱ्यांना केलेली मनाई, आणि जुलै १८६२ चा दुसरा, अधिक कडक जप्तीचा कायदा.

लष्करी हिशेब सरळ होता. दक्षिणेत शेती, खंदक, लोखंडाच्या भट्ट्या, सामानाची ने-आण हे सगळे गुलामांच्या अंगावर होते, म्हणून तर तिथले गोरे पुरुष इतक्या मोठ्या संख्येने आघाडीवर जाऊ शकत होते. एक गुलाम पळून आला की तिकडचे दोन हात कमी होत आणि इकडचे दोन वाढत. कधी याहून बरेच जास्त. मे १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने ‘प्लँटर’ हे दक्षिणेचे जहाज, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना, आपल्या कुटुंबासह किल्ल्यांच्या तोफांच्या टप्प्यातून बाहेर काढले आणि उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केले.

तरीही लिंकन जपून पावले टाकत होते. जनरल फ्रेमाँटनी मिसुरीत आणि जनरल हंटरनी दक्षिण किनाऱ्यावर परस्पर मुक्ती जाहीर केली, तेव्हा दोन्ही आदेश त्यांनी रद्द केले. जुलै १८६२ मध्ये मात्र त्यांनी स्वतःच मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांनी सल्ला दिला की आत्ता पराभव होत असताना हे जाहीर केले तर बुडत्याचा आकांत वाटेल, एखाद्या विजयापर्यंत थांबा. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तेवीस हजार जण मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सैन्य मागे हटले आणि २२ सप्टेंबरला इशारा निघाला की बंड चालू ठेवणाऱ्या राज्यांतले गुलाम मुक्त ठरतील. १ जानेवारी १८६३ रोजी जाहीरनामा काढून तो अमलात आणला गेला.

जाहीरनामा सरसेनापती या नात्याने, लष्करी गरज म्हणून काढलेला होता. म्हणून निष्ठावंत चार राज्ये, टेनेसी आणि आधीच जिंकलेले काही भाग त्यातून वगळले होते. जिथे सत्ता नाही तिथले गुलाम सोडवले आणि सत्ता आहे तिथले तसेच ठेवले, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती अपुरी वाटते. त्या दिवसापासून उत्तरेची फौज जिथे पाऊल टाकील तिथली गुलामगिरी संपणार होती. शिवाय त्यातल्या एका कलमाने मुक्त झालेल्यांना सैन्यात आणि आरमारात घेण्याची दारे उघडली.

राजकीय किंमत लगेच मोजावी लागली. इशाऱ्यानंतर काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकांत विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा वाढल्या. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून न्यूयॉर्क पेटले, जमावाने रस्त्यांवर काळ्या लोकांना वेचून मारले आणि काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला.

परदेशात नेमके उलटे घडले. ब्रिटनच्या लँकेशायरमधल्या गिरण्या अमेरिकी कापसावर चालत, तो थांबल्याने हजारो कामगार बेकार होते. (त्याच तुटवड्याने मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले, शेअरबाजाराचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते सगळे कोसळले.) १८६२ च्या शरद ऋतूत ब्रिटिश मंत्रिमंडळात दोन्ही बाजूंत मध्यस्थी करून दक्षिणेला वेगळा देश मानण्याचा विचार गंभीरपणे चालू होता. जाहीरनाम्यानंतर दक्षिणेची बाजू घेणे म्हणजे उघड गुलामगिरीची बाजू घेणे ठरले. मँचेस्टरच्या सभेत जमलेल्या कामगारांनी, घरी चूल पेटत नसताना, लिंकनना पाठिंब्याचे पत्र पाठवले. या माणसांबद्दल फार थोडे लिहिले जाते.

युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. त्यांतले बहुसंख्य गुलामीतून आलेले होते. पोर्ट हडसन, मिलिकेन्स बेंड, फोर्ट वॅग्नर इथल्या लढायांनी, हे लोक लढतील का, हा प्रश्न मिटवला. तरीही गोऱ्या सैनिकाला महिन्याला तेरा डॉलर मिळत, यांना दहा, आणि त्यातलेही तीन कपड्यांसाठी कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या पलटणींनी असा अर्धवट पगार घ्यायलाच नकार दिला. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. शत्रूच्या हाती सापडण्याचा धोकाही वेगळा होता : एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे शरण आलेल्या अनेक काळ्या सैनिकांची कत्तल झाली.

१८६४ च्या उन्हाळ्यात युद्ध रेंगाळले, लिंकन हरणार असे दिसू लागले. मुक्तीची अट सोडून तह करा, असा आग्रह त्यांच्याच पक्षातून होऊ लागला. ते म्हणाले की काळ्या सैनिकांनी राखलेली ठाणी शत्रूला दिली तर तीन आठवड्यांत युद्ध सोडून द्यावे लागेल. ज्यांना स्वातंत्र्याचे वचन दिले, त्यांच्याविना आता लढताच येत नव्हते. म्हणून वचन मागे घेण्याची वाट बंद झाली होती.

दक्षिणेलाही शेवटी हेच कळले. जानेवारी १८६४ मध्ये दक्षिणेचे जनरल क्लेबर्न यांनी गुलामांना मुक्त करून सैन्यात घ्या असे सुचवले, तेव्हा ते पत्र दाबून टाकले गेले. वर्षभराने दक्षिणेचेच दुसरे जनरल हॉवेल कॉब यांनी बजावले की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीविषयीची आपली सारी उपपत्तीच चूक ठरते. मार्च १८६५ मध्ये काळ्यांच्या भरतीचा कायदा झाला खरा, पण त्यात स्वातंत्र्याचे वचन नव्हते. ३ एप्रिलला दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली. शहरात शिरलेल्या पहिल्या फौजांमध्ये काळ्या पलटणी होत्या.

११ एप्रिलच्या संध्याकाळी लिंकन यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीतून भाषण केले. काळ्यांपैकी सुशिक्षितांना आणि आपल्या बाजूने सैनिक म्हणून लढलेल्यांना मताधिकार मिळावा असे आपल्याला वाटते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. खाली गर्दीत दक्षिणेचा कट्टर पाठीराखा नट जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने लिंकनना गोळी घातली.