कोरडा पट्टा आणि उत्तरेची वाट: मध्य अमेरिकेतल्या स्थलांतरामागचा इतिहास

ग्वाटेमालापासून एल साल्व्हाडोर, होंडुरास करत निकाराग्वापर्यंत, मुख्यतः पॅसिफिकच्या बाजूने, लहरी पावसाचा एक पट्टा पसरला आहे. 'कोरदोर सेको', म्हणजे कोरडा पट्टा. नावावरून वाळवंट वाटेल, पण तसे नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, आणि मका-घेवड्याची दोन पिके घेता येतात. मध्ये जुलै-ऑगस्टात पाऊस काही आठवडे उघडीप देतो. तिला 'कानिकुला' म्हणतात. पेरणीचे सगळे गणित या उघडिपीभोवती बांधलेले असते. ती लांबली की कणसात दाणा भरत नाही आणि घरातला मका पुढच्या हंगामापर्यंत पुरत नाही.

बातम्यांत ही गोष्ट साधारण २०१४ पासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर पकडल्या गेलेल्यांत मेक्सिकन लोकांपेक्षा इतरांची संख्या पहिल्यांदाच जास्त भरली, आणि त्यांतले बहुतेक मध्य अमेरिकेतले होते. पण तिथूनच सुरुवात केली तर 'दुष्काळ पडला, माणसे निघाली' एवढेच हाती लागते. मला ते अपुरे वाटते. सुरुवात जमिनीपासून करायला हवी.

१८७०च्या दशकात ग्वाटेमालात हुस्तो रुफिनो बार्रिओस यांच्या राजवटीने कॉफीचा ध्यास घेतला. माया गावांच्या सामाईक जमिनी मळेवाल्यांकडे गेल्या आणि मूळ लोक वर, चढाच्या हलक्या जमिनीवर सरकले. मळ्यांना मजूर हवे होते. ते सक्तीने किंवा आगाऊ पैसे देऊन, कर्जात अडकवून आणले जात. बीडकडच्या वाचकाला 'उचल' म्हटले की जे कळते, तेच हे. एल साल्व्हाडोरने १८८१-८२ मध्ये सामाईक जमिनी कायद्यानेच रद्द केल्या. म्हणजे पावसाचा भरवसा नसलेल्या उतारावर, एक-दोन एकरांत मका पिकवणारे कुटुंब हे निसर्गाने तिथे बसवलेले नाही.

हे उलटवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. १९५२ मध्ये ग्वाटेमालाचे अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी मोठ्या जमीनदारांच्या पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला घेतल्या. सुमारे १ लाख कुटुंबांना लाभ झाला. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी-कंपनीची जमीनही गेली. जून १९५४ मध्ये सीआयएच्या पाठबळाने आर्बेन्स यांना हटवण्यात आले आणि वाटलेली बहुतेक जमीन परत घेतली गेली. १९६० ते १९९६ चाललेल्या यादवीत सुमारे २ लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य माया होते.

एल साल्व्हाडोरमधली माणसे तर त्याआधीच सीमा ओलांडत होती. देश चिमुकला, जमीन मोजक्या घराण्यांची. १९६० च्या दशकाअखेर सुमारे ३ लाख साल्व्हाडोरवासी शेजारच्या होंडुरासमध्ये कसत-राबत होते. होंडुरासने जमीनसुधारणेच्या नावाखाली त्यांना हुसकायला सुरुवात केली आणि जुलै १९६९ मध्ये दोन देशांत युद्ध पेटले. विश्वचषक पात्रता सामन्यांच्या निमित्ताने जगाने त्याला फुटबॉल-युद्ध म्हणून हसण्यावारी नेले. भांडण जमिनीचे होते.

१९८०च्या दशकातल्या यादवींनी उत्तरेची वाट पाडली. लॉस एंजेलिस, ह्यूस्टनसारख्या शहरांत नातलग पोचले, आणि पुढे प्रत्येक संकटात हीच नाती उपयोगी पडली. ऑक्टोबर १९९८च्या अखेरीस मिच चक्रीवादळ होंडुरासवर येऊन रेंगाळले. पूर आणि दरडींत मध्य अमेरिकेत १० हजारांहून अधिक माणसे गेली, केळीचे मळे आणि मक्याची शेते वाहून गेली. अमेरिकेने तिथे आधीच असलेल्या होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना १९९९ मध्ये हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण दिले.

नंतरचे धक्के सावकाश आले, आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा-पद्धत, म्हणजे कोणत्या देशाने किती कॉफी विकायची ही मर्यादा, मोडल्यापासून भाव वरचेवर कोसळत होते. २०१२-१३ मध्ये कॉफीवर तांबेरा पसरला. उंचावरच्या गारव्यात पूर्वी तो फारसा चढत नसे; या वेळी तिथल्या बागाही सापडल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाटेमालाला आणीबाणी जाहीर करावी लागली. लहान शेतकऱ्याचा मका कमी पडला की घर चालते ते कॉफी-तोडणीच्या मजुरीवर. ती मजुरी बुडाली, आणि त्यापाठोपाठ २०१४ ते २०१६ एल निन्योचा दुष्काळ आला. पट्ट्यातल्या सुमारे ३५ लाख लोकांना मदतीची गरज असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तेव्हा सांगितले. २०१८ मध्ये कानिकुला पुन्हा लांबली. अमेरिकेच्या २०१९ च्या आर्थिक वर्षात सीमेवर पकडलेल्या ग्वाटेमालावासीयांची संख्या अडीच लाखांवर गेली. होंडुरासमधून निघणाऱ्यांच्या पाठीमागे टोळ्यांची खंडणी आणि खूनही होते. ते वगळून सगळे हवामानावर ढकलणे सरकारांना सोयीचे असते.

नोव्हेंबर २०२० मध्ये एटा आणि आयोटा ही दोन चक्रीवादळे दोन आठवड्यांच्या अंतराने निकाराग्वाच्या जवळजवळ एकाच किनाऱ्यावर धडकली. होंडुरासचे सुला खोरे पाण्याखाली गेले. जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०२१ मध्ये विचारले तेव्हा सुमारे १५ टक्के लोक देश सोडण्याची प्रत्यक्ष तयारी करत होते. २०१८ च्या दुष्काळानंतर हेच प्रमाण ८ टक्के होते.

मात्र सगळ्यांत उपाशी माणूस सहसा एवढ्या लांब जातच नाही. सीमा पार करून देणारे दलाल, ज्यांना तिथे 'कोयोते' म्हणतात, माणशी हजारो डॉलर घेतात. त्यासाठी जमीन किंवा घर गहाण टाकावे लागते, नाहीतर अमेरिकेतल्या भावाने पैसे पाठवावे लागतात. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो किनाऱ्यावर ऊस तोडायला किंवा राजधानीच्या वस्तीत जातो. ग्वाटेमालात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची उंची कुपोषणाने खुंटलेली आहे, आणि ती घरे बहुतेक जागच्या जागी राहतात.

कायद्यात या माणसांना नाव नाही. १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत ही पाच कारणे आहेत. भूक किंवा दुष्काळ नाही. वादळाचा आणि अमेरिकेत राहण्याच्या परवान्याचा थेट संबंध जोडणारा कागद म्हणजे मिचनंतरचे ते तात्पुरते संरक्षण. ग्वाटेमालाने आपल्या आपत्तींनंतर तेच अनेकदा मागितले, मिळाले नाही. होंडुरास आणि निकाराग्वासाठी ते पुन्हा पुन्हा वाढवले गेले. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ते संपवत असल्याचे जाहीर केले आणि प्रकरण न्यायालयात गेले.