मोठ्या शिडाच्या जहाजावर नवख्यांना जागा नसते का?
मोठ्या शिडाच्या जहाजावरून दूरच्या उष्णकटिबंधीय बेटांकडे जायचे, तर आधी नौकानयन शिकलेले असावे लागते, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असून तो चुकीचा आहे. १९२८ साली मासेमारीसाठी बांधलेल्या आणि पुढे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज झालेल्या ‘पिक्टन कॅसल’सारख्या प्रशिक्षण-जहाजांवर अननुभवी माणसांनाही घेतले जाते, मात्र ती प्रवासी नसतात, खलाशांबरोबर काम करणारे शिकाऊ असतात. सुकाणू धरणे, टेहळणी, दोर ओढणे, डेक घासणे ही कामे पाळ्यांनुसार, मध्यरात्रीसुद्धा, करावी लागतात, आणि ती तिथेच शिकवली जातात. डोलकाठीवर चढणे बहुतेक जहाजांवर ऐच्छिक असते.

खरी कसोटी प्रकृतीची आणि धीराची असते, आणि इच्छुकांनी आधी तिचाच विचार करावा, असे मला मनापासून वाटते. प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैल वाटेत जमीन नसते, त्यामुळे आजारी पडल्यास रुग्णालय कित्येक दिवसांच्या अंतरावर असते. याच महासागरातल्या पिटकेर्न या लहानशा बेटावर तर विमानतळही नाही आणि मोठ्या जहाजासाठी बंदरही नाही. जहाज बाहेर थांबते व किनारा लहान होडीने गाठावा लागतो, तोही समुद्र शांत असेल तरच.