डोळ्यांवरची पट्टी सोडा, गोष्ट पुरी ऐका

३ डिसेंबरचा दिव्यांग दिन जवळ आला की शाळांमध्ये एक खेळ हमखास ठरतो. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात काठी द्यायची आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायचं. हेतू चांगलाच असतो, पण परिणाम उलटा होऊ शकतो. एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेले प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. पट्टी बांधून वावरलेल्या लोकांनी अंध व्यक्तींची नोकरी करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी लेखली. पट्टी बांधणाऱ्याच्या वाट्याला येतात ती नुकती दृष्टी गेल्यावरची चाचपडती मिनिटं. वर्षानुवर्षं पांढरी काठी वापरून कमावलेलं कसब त्यात कुठेच नसतं.

त्यापेक्षा अंध किंवा दिव्यांग व्यक्तीलाच समोर बसवून तिची गोष्ट सलग ऐकणं जास्त फायद्याचं. ते का, हे समजायला मेंदूत डोकवावं लागेल.

प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हासन यांच्या गटाने २०१० साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. एका तरुणीने एफएमआरआय यंत्रात पडल्या पडल्या आपल्या शाळेच्या दिवसांतला एक प्रसंग, काहीही पाठ न करता, सुमारे १५ मिनिटं सांगितला. तो ध्वनिमुद्रित करून इतरांना त्याच यंत्रात ऐकवला. हे यंत्र मेंदूच्या कुठल्या भागात ऑक्सिजनयुक्त रक्ताचं प्रमाण कधी बदलतं ते टिपतं. सांगणारीच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूतले चढउतार बऱ्याच भागांत जुळले. बहुतेक ठिकाणी ऐकणारा काही सेकंद मागे होता, पण काही भागांत तो सांगणारीच्या पुढे धावत होता. पुढे काय होणार याचा अंदाज बांधत होता. हे पुढे धावणं ज्यांच्यात जास्त, त्यांना गोष्टही जास्त समजली होती. रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा हा मेळ बसला नाही.

याच गटाचा २०११ चा प्रयोग तर रंगमंचावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. ७ मिनिटांची एक गोष्ट घेतली. ती उलटी वाजवली, मग शब्द विस्कटून, वाक्यं विस्कटून आणि परिच्छेद विस्कटून ऐकवली. कानाकडून येणारा आवाज पहिल्यांदा जिथे पोचतो, तो श्रवणभाग उलट्या गोष्टीलाही सगळ्यांमध्ये सारखाच प्रतिसाद देत होता. त्याच्या वरच्या पायरीवरच्या भागांना सलग शब्द लागले, त्याहून वरच्यांना सलग वाक्यं. आणि मेंदूच्या वरच्या-मागच्या व पुढच्या खंडांतले काही भाग सलग परिच्छेद मिळाल्याशिवाय एकसारखे चालेनात. म्हणजे मेंदूच्या प्रत्येक भागाला काळाची स्वतःची एक खिडकी आहे. कुठे ती काही मिलिसेकंदांची, कुठे अर्ध्या-एक मिनिटाची. आधी काय घडलं ते धरून ठेवून नव्या वाक्याला अर्थ देणं हे मोठ्या खिडकीचं काम. घोषणा, फलक, काही सेकंदांची रील यांत ही मोठी खिडकी भरतच नाही.

तिसरी गोष्ट निवेदकांसाठी. २०१७ च्या एका प्रयोगात दोन गटांना एकच कथा ऐकवली, पण आधीची ओळख वेगळी दिली. एका गटाला सांगितलं की नायकाची बायको त्याला फसवते आहे, दुसऱ्याला सांगितलं की नायक उगाच संशय घेतो आहे. शब्द तेच असूनही दोन गटांच्या मेंदूंचा प्रतिसाद वेगळा निघाला. ‘परिस्थितीपुढे हार न मानणाऱ्या...’ अशी ओळख करून दिलीत की पुढची गोष्ट प्रेक्षक दयेच्या चष्म्यातूनच ऐकणार. नाव, काम आणि राहण्याचा भाग, एवढीच ओळख पुरे.

गोष्ट ऐकताच ‘प्रेमाचं संप्रेरक’ स्रवतं आणि पूर्वग्रह विरघळतो, असे दावे समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यांच्यावर विसंबू नका. मेंदू जुळला म्हणजे गोष्ट समजली, इतकंच. आणि काही समज गोष्टीने जात नाहीत. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे अजूनही बोललं जातं. तिथे सरळ सांगावं: ओठ गर्भारपणाच्या साधारण ४ ते ७ आठवड्यांत जुळतो, तो नीट न जुळल्यास फट राहते. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता असा गोष्टींचा कार्यक्रम प्रत्यक्ष बसवायचा कसा? नाशिकला एकांकिकांची सवय आहे, पण या कामाला कालिदास कलामंदिराएवढं सभागृह नको. वर्गखोली, ३० ऐकणारे, अर्धवर्तुळात खुर्च्या. सांगणाऱ्याने संपूर्ण आयुष्य न सांगता एकच प्रसंग ७ ते १० मिनिटं सांगावा आणि थेट कृतीतून सुरुवात करावी: ‘जुन्या सीबीएस बसस्थानकावर मी त्र्यंबकच्या बसची चौकशी केली. कंट्रोलरने उत्तर दिलं ते माझ्या पुतण्याला.’ तालमी दोन-तीनच घ्याव्यात, पाठ झालं की आवाज सपाट होतो. काय सांगायचं नाही हेही सांगणाऱ्यानेच ठरवावं. चित्रीकरणाची परवानगी आणि मानधन आधीच ठरवावं. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर उजेड हवा, मागे खिडकी नको.

एकच वक्ता बोलावणं ही नेहमीची चूक. त्याचं बोलणं आवडलं तरी ‘तो वेगळाच आहे हो’ म्हणून मेंदू त्याला अपवादाच्या कप्प्यात टाकतो आणि मूळ समज शाबूत राहतो. वेबर आणि क्रॉकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ सालीच दाखवलं की साच्याबाहेरची, म्हणजे एखाद्या गटाबद्दलच्या ठरीव समजात न बसणारी, माहिती एकाच व्यक्तीत एकवटलेली असण्यापेक्षा अनेकांत विखुरलेली असली, तर साचा जास्त बदलतो. म्हणून तिघे बोलवा, आणि तिघे एकमेकांपासून वेगळे असू द्या: एक बँकेतली, एक तबला शिकवणारा, एक कॉलेजात नापास झालेला. तिघेही ‘यशस्वी’ असले की पुन्हा अपवादच.

शेवटी लगेच टाळ्या आणि आभारप्रदर्शन नको. जोड्या करा आणि प्रत्येकाला दोन मिनिटं द्या: वेगळेपणामुळे आपल्याला कधी हिणवलं गेलं, तो प्रसंग शेजाऱ्याला सांगायचा. मायामीत घरोघरी जाऊन झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्यकर्त्यांनी मतदारांकडून अशाच आठवणी काढून घेतल्या होत्या. सुमारे १० मिनिटांच्या त्या संभाषणाने ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि ३ महिन्यांनंतरही तो कमीच होता. बोलणारा कार्यकर्ता स्वतः ट्रान्सजेंडर नसला तरीही परिणाम झाला. तेव्हा वेळ कमी पडत असेल तर प्रास्ताविक कापा, या चार मिनिटांना हात लावू नका.