विषुववृत्तावर थंडी? हो, आणि बर्फसुद्धा!

रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना युगांडाच्या र्‍वेन्झोरी पर्वताचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "अरे, विषुववृत्तावर आहे तो. दोन टीशर्ट आणि टोपी, झालं!" हे साफ चूक आहे.

उंची आणि तापमान यांचं गणित सोपं आहे. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. पायथ्याच्या मैदानात घामाच्या धारा लागल्या, तरी 5,109 मीटरवरच्या मार्गेरिटा शिखराशी तो शून्याखाली जातो. तिथे चक्क हिमनद्या आहेत, मात्र झपाट्याने आक्रसताहेत.

हा गैरसमज पुणेकरांचाच नव्हे बरं का! 1848 मध्ये योहान रेबमान या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळच्याच किलिमांजारो पर्वतावर बर्फ पाहिल्याचं कळवलं, तर लंडनच्या काही विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं.

खरा त्रास मात्र बर्फाचा नाही, चिखलाचा. र्‍वेन्झोरीत पाऊस वर्षभर असतो. दलदलीतून जाताना पाय पोटरीपर्यंत रुततो, म्हणून तिथले वाटाडे महागड्या ट्रेकिंग बुटांऐवजी गमबूट घालायला सांगतात. हो, आपल्याकडे भातलावणीच्या वेळी दिसतात तेच. आजूबाजूला माणसापेक्षा उंच लोबेलियाची झाडं, दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, आणि धुकं.

तेव्हा सॅकमध्ये लोकरीची टोपी, हातमोजे आणि रेनकोट ठेवाच. पीतज्वराच्या लसीचा दाखलाही लागतो, तो आधीच काढून ठेवा.