बायबल उशाशी, दाखला कपाटात

बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याची पाण्याची दीक्षा) झालेला नाही, रविवारी चर्चला नेमाने जाणं नाही, पण सकाळी बायबलचं पान वाचल्याशिवाय चहाचा कप हातात घ्यायचा नाही, अशी माणसं सातारा-सांगलीकडे पूर्वीपासून आहेत. त्यांना काय म्हणायचं यावर ख्रिस्ती समाजातच एकमत नाही, बाहेरच्यांचं तर नाहीच. घरातल्या प्रार्थनेवरून अलीकडे गावात जी कुजबुज होते, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि तो आजचा नाही.

फार मागे जायची गरज नाही. श्रीरामपूरला (बंगालमधलं, नगरचं नव्हे) १८११ मध्ये छापलेला मराठी नवा करार, १८१३ मध्ये मुंबईला आलेले अमेरिकन पाद्री, हे बहुतेकांना ठाऊक असतं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे मिशनचं ठाणं आलं. सांगली-मिरजेकडे दुसरं मिशन, कोल्हापूरच्या बाजूने आलेलं, आणि तेही बरंच उशिरा. दोन्हीकडे सुरुवातीचा अनुभव सारखाच: पुस्तक एक, वाचता येणारा एक, ऐकणारे दहा. त्यामुळे शास्त्र डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पोचलं. ओव्या, अभंग, भजनं यांतून पोचलं. जात्यावर बसलेल्या बाईला अध्याय आणि ओळ सांगता येत नसे, पण ती ओळ गाता येत असे.

१९१७ मध्ये साताऱ्यात जे झालं त्यावर मात्र थांबायला हवं. कोकणात ब्राह्मण घरात जन्मलेले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, नगरला मिशनच्या कामात वर्षानुवर्षं काढलेले कवी नारायण वामन टिळक त्या वर्षी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला आले. त्यांची गाणी त्याआधीच चर्चमध्ये आणि घराघरांत म्हटली जात होती. साताऱ्यात त्यांनी ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुवर्ग जमवायला घेतला आणि त्याला नाव दिलं ‘दरबार’, देवाचा. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही.

शब्दाकडे नीट पाहा. ‘मंडळी’ म्हटलं की ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे रजिस्टर येतं, सभासदांची यादी येते, पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) आणि पंच येतात. (बाकीच्या महाराष्ट्राला ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको वाटते, ती गंमत वेगळी.) दरबाराचं तसं नसतं. दरबारात प्रजेतला कोणीही अर्ज घेऊन उभा राहू शकतो. छत्रपतींच्या राजधानीत हा फरक कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

पाद्र्यांची अडचण खोटी नव्हती. नव्या करारातल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात बाप्तिस्म्याची आज्ञा स्पष्ट आहे. शास्त्रावर विसंबायचं म्हणता आणि त्यातली आज्ञा बाजूला ठेवता, हे कसं? पण त्याच वचनात ‘शिष्य करा’ आधी येतं आणि ‘बाप्तिस्मा द्या’ नंतर, हेही विसरता येत नाही. शिवाय आपल्याकडे बाप्तिस्मा म्हणजे केवळ पाणी नव्हतं. तो घेतला की घर सुटे, भाऊबंदकी तुटे, विहीर बंद होई, आणि माणूस मिशनच्या आवारात राहायला येई. पोटापाण्यासाठीही तो मिशनकडेच बघू लागे. म्हणजे विसंबणं देवावर की मिशनवर, हा पेच होता. कवीने स्वतः पगार सोडला तो याच गाठीशी येऊन, असं मला वाटतं. बाप्तिस्मा नाकारावा असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. स्वतःचा त्यांनी बावीस वर्षं मिरवला होता. तो दाराची कडी होऊ नये, एवढाच मुद्दा होता.

मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबारही फार काळ टिकला नाही. लिहिणारे बहुधा ‘फसलेला प्रयोग’ म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. संस्था गेली, सवय राहिली. आमच्या घरातल्या जुन्या बायबलमध्ये जुना आणि नवा या दोन्ही करारांच्या मधे कुटुंबाच्या नोंदींची पानं आहेत: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. आजोबांच्या नावापुढचा बाप्तिस्म्याचा रकाना कोरा आहे. स्तोत्रसंहितेची पानं मात्र त्यांच्या अंगठ्याने कोपऱ्यात काळी पडलेली आहेत, आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या तेविसाव्या स्तोत्रापाशी अजून माणदेशातल्या कुठल्याशा एसटीचं तिकीट आहे. मेंढपाळ म्हणजे काय हे त्या भागात प्रवचनातून कळत नाही, रस्ता अडवून बसलेल्या कळपातून कळतं.

हा कोरा रकाना १९५० नंतर सरकारी झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. एकाच वस्तीत, एकाच आज्याची नातवंडं, एकाला जातीचा दाखला मिळतो आणि चुलतभावाला नाही. मग बायबल उशाशी आणि ‘हिंदू’ लिहिलेला शाळेचा दाखला कपाटात, अशी घरं तयार झाली. या लोकांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पोराची फी ज्यांना भरायची नाही ते जास्त जोरात म्हणतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा ‘मी हिंदूच आहे, अनुसूचित जातीचा दाखला द्या’ हा दावा फेटाळला. लहानपणी झालेला बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणं हे तिथे पुरावा म्हणून मोजलं गेलं. मनात विश्वास नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी जी कडी काढायचा प्रयत्न झाला, ती आता न्यायालयात माणसाची ओळख ठरवते.

मिरजेची गोष्ट थोडी निराळी. तिथे मिशनचं रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं आणि सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी ते उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव अजून चालवते. मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना आणि मग सुरी, हा क्रम ठरलेला. त्यामुळे या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘प्रार्थना की औषध’ हा प्रश्नच पडत नसे. तो पडला नंतर, नव्या मंडळ्यांच्या आरोग्यदायी सभांबरोबर, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होतो म्हणणाऱ्या सभांबरोबर. त्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला. साप-विंचू चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणं नाही. तापलेल्या पोराच्या उशीखाली बायबल ठेवणारी आई कुठे बसते, यावर मी निकाल देणार नाही. आमच्या आईने ठेवलं होतं, आणि क्रोसिनही दिली होती.

रोजच्या बोलण्यातल्या शब्दांनी गोंधळात भरच घातली आहे. ‘तारण’ म्हणजे ख्रिस्ती माणसाला पापातून सुटका; सांगलीच्या पेठेत पतसंस्थेच्या पाटीवर तेच अक्षर ‘सोनेतारण’ म्हणून लटकतं. ‘वचन’ म्हणजे बायबलमधली ओळ, आणि दिलेला शब्दही. हा दुहेरी अर्थ लोकांना मनापासून आवडतो. ‘तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे’ हे बायबलमधल्या यशया या पुस्तकातलं वाक्य म्हणून कोणी वाचत नाही, आपल्याला दिलेला शब्द म्हणून वाचतं. पूर्वी भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असे, आता पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासकट वचन येतं. मागचापुढचा अध्याय न वाचता एकच ओळ उचलायची ही खोड पाळकांना खटकते, आणि त्यात तथ्य आहे.

तरी ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाईटला, म्हणजे वर्ष सरतानाच्या प्रार्थनासभेला, हेच पाळक वर्षाच्या वचनाच्या चिठ्ठ्या ताटात घालून पुढे करतात. कोणी डोळे मिटून उचलतं, कोणी गावी राहिलेल्या भावाच्या नावानेही एक उचलतं. रजिस्टरात कोणाचं नाव आहे हे त्या रात्री कोणी विचारत नाही. ते जानेवारीत विचारतात, वर्गणी आणि मंडळीच्या निवडणुकीची यादी करताना.