रक्तवाढीची गोळी आणि कॅल्शियमची गोळी: चौथ्या महिन्यापासूनचे वेळापत्रक

चौथा महिना लागला की उपकेंद्रातून परतणाऱ्या गर्भवतीच्या पिशवीत दोन प्रकारच्या गोळ्या असतात: एक लाल, जिला सगळे रक्तवाढीची गोळी म्हणतात, आणि दुसरी कॅल्शियमची. दोन्ही एकाच हातून मिळतात आणि साधारण एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे रात्री झोपताना दोन्ही एकदम पेलाभर दुधाबरोबर घेऊन टाकल्या जातात. हे सोयीचे खरे, पण कॅल्शियम आतड्यात लोहाचे शोषण अडवते आणि दुधातही कॅल्शियमच असते, म्हणून लाल गोळी पोटात जाऊनही तिचा बराचसा भाग अंगी लागत नाही.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. दुसऱ्या तिमाहीत रक्तातील द्रवभाग झपाट्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे निरोगी स्त्रीचेही हिमोग्लोबिन थोडे उतरते आणि लोहाची गरज वाढते. ही गोळी बाळंतपणापूर्वी किमान १८० दिवस रोज एक घ्यायची असते. रक्त कमी असल्यास मात्रा डॉक्टर वाढवतात. तिने शौचाला काळे होते, आणि नेमके तेच पाहून घाबरून पाकीट फळीवर टाकून दिले जाते. तो रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्याने अपाय होत नाही. बद्धकोष्ठतेचा त्रास मात्र खरा आहे. त्यासाठी पाणी आणि पालेभाज्या वाढवाव्यात, गोळी बंद करू नये.

कॅल्शियमची गोळी ५०० मिलिग्रॅमची, ड जीवनसत्त्वासह, दिवसातून दोनदा असते. एका वेळी आतडे मर्यादितच कॅल्शियम शोषते, म्हणून दोन्ही मात्रा एकत्र घेऊन उपयोग नाही. तिला नुसती 'हाडांची गोळी' समजणे मला अपुरे वाटते, कारण ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते अशा स्त्रियांमध्ये तिने गरोदरपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोकाही कमी होतो.

कॅल्शियम जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावे, लोह मात्र जेवणानंतर दोन तासांनी. सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम घेतले, तर दुपारी एकला जेवणारीने तीन वाजता लिंबूपाण्याबरोबर लाल गोळी घ्यावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. अडचण होते ती चारच्या चहाची, कारण चहाही लोह अडवतो, म्हणून तो निदान तासभर पुढे ढकलावा. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती या दोन्हींपासून चार तास दूर ठेवावी, आणि थॅलेसिमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक विकार) असलेल्या स्त्रीने लोह किती घ्यायचे ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.