माळ गुडघ्यापर्यंत आली, म्हणून कावीळ उतरली?

कावीळ ‘उतरवणाऱ्या’कडे दोन खेळ हमखास असतात. पहिला चुन्याच्या पाण्याचा. रुग्णाच्या हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. त्याची चुन्याशी गाठ पडली की पाणी पिवळं होतं, आणि म्हणे कावीळ उतरली. ठणठणीत माणसाचे हात धुवा, तरी होईल. दुसरा माळेचा: ती रुग्णाला घालायची, लांबत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. ओल्या काड्या वाळतात, दोऱ्याच्या गाठी सैलावतात, माळ लांबते. खुंटीला अडकवली तरी लांबेलच.

मग लोक बरे कसे होतात? कारण कावीळ बहुधा हिपॅटायटिसने, म्हणजे विषाणूंमुळे यकृताला येणाऱ्या सुजेने होते. त्यातले ए आणि ई, हे दूषित पाण्या-अन्नातून येणारे प्रकार, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय माळेला! गरोदरपणात मात्र ‘ई’ जिवावर बेतू शकतो.

खरा घोळ बी आणि सी करतात. ते रक्तातून, बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. डोळे पिवळे न होताही वर्षानुवर्षं यकृत पोखरतात. बिलिरुबिनच्या (रक्तातल्या पिवळ्या द्रव्याच्या) आकड्यावरून प्रकार कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या वेगळ्या चाचण्या असतात: ए-ईसाठी आयजीएम, बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही आणि ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू अजून रक्तात आहे का हे सांगणारी आरएनए चाचणी लागते.

सी बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. जुनाट झालेला बी सहसा जात नाही, पण टेनोफोविर या औषधाने ताब्यात राहतो. सगळ्यांनाच औषध लागतं असंही नाही. बाळाला बीची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी-सीची तपासणी आणि औषधं ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. माळेवाला दक्षिणा घेतो.